पाचच कप, तरी क्लेअर

डब्लिनला मराठी मंडळींच्या गणपतीला गेलं की कुणीतरी हमखास विचारतं, "हर्लिंग बघायचंच तर किल्केनीला धरायचं ना! छत्तीस वेळा अजिंक्यपद आहे त्यांच्याकडे. तुमच्या क्लेअरकडे काय, पाच?" हर्लिंग हा आयर्लंडचा काठी-चेंडूचा खेळ, आणि किल्केनी, क्लेअर या तिथल्या काउंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यांसारख्या. यंदाही तुम्ही विचारलंत, आणि प्रसादाच्या रांगेत उभ्या उभ्या मला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून आता लिहिते.

सोपं उत्तर असं की मी एनिसला राहते आणि एनिस हे क्लेअरचं मुख्य गाव आहे. इथे संघ कुणी निवडत नाही. घर ज्या काउंटीत, संघ त्या काउंटीचा. खेळाडूंचंही तसंच. त्यांच्यावर बोली लागत नाही, त्यांना पगार मिळत नाही. आज डब्लिनच्या क्रोक पार्कवर ऐंशी हजार लोकांसमोर खेळलेला मुलगा दोन दिवसांनी शाळेत शिकवत असतो. आमचा शेन ओ'डॉनल हा सूक्ष्मजीवशास्त्रातला डॉक्टरेट आहे. एनिसच्याच क्लबातून वर आलेला.

खेळ माहीत नसेल तर थोडक्यात सांगते. दोन्हीकडे पंधरा-पंधरा जण, हातात अ‍ॅश झाडाच्या लाकडाची चपट्या टोकाची काठी, आणि चामड्याचा छोटा चेंडू. तो जमिनीवरूनही मारतात, हवेतल्या हवेतही. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, वरून गेला तर पॉइंट. एका गोलाचे तीन पॉइंट. त्यामुळे धावफलकावर १-१३ दिसलं तर ते १६ समजायचे. हे गणित सामना चालू असताना जमायला मला दोन मोसम लागले, आणि तोवर मी चुकीच्या वेळी टाळ्या वाजवत होते.

आता त्या पाच कपांकडे येऊ. १९१४, १९९५, १९९७, २०१३, २०२४. या आकड्यांतलं पहिलं अंतर बघा. एक्क्याऐंशी वर्षं! जीएए (गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन), म्हणजे हर्लिंग चालवणारी संस्था, १८८४ साली काढणारा मायकल क्यूसॅक क्लेअरचाच, बरेनच्या खडकाळ भागातल्या कॅरन गावचा. एनिसचं मैदान त्याच्याच नावाचं आहे. पण त्याच्याच काउंटीला कप मिळायची मारामार.

लोक म्हणायचे, शाप आहे. फीकल गावात बिडी अर्ली नावाची वैदू बाई होती. निळ्या बाटलीत बघून रोग ओळखायची म्हणे. पाद्र्यांशी तिचं कधी पटलं नाही. तिने क्लेअरच्या हर्लिंग संघाला शाप दिला, ही गोष्ट इथली शेंबडी पोरंसुद्धा सांगायची. गंमत अशी की बिडी वारली १८७४ साली, म्हणजे जीएए जन्मायच्या दहा वर्षं आधी. जो संघ अजून अस्तित्वातच नव्हता त्याला शाप कसा लागेल, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात येत नसे. हरणाऱ्याला कारण लागतं, आणि शाप हे त्यातल्या त्यात आब राखणारं कारण.

खरं कारण नकाशात आहे. क्लेअर मन्स्टर प्रांतात येतं, आणि कॉर्क, टिपरेरी, लिमरिक, वॉटरफर्ड हे तगडे संघ सगळे त्याच प्रांतात. १९९६ पर्यंत प्रांताच्या स्पर्धेत एकदा हरलं की वर्ष संपलं. दुसरी संधी नाही. त्यात क्लेअरची पश्चिम बाजू गेलिक फुटबॉलवेडी, हर्लिंग काय ते पूर्वेकडे आणि मध्यभागात. म्हणजे अर्ध्या काउंटीतून निवडलेला संघ घेऊन कॉर्कशी झुंजायचं. १९३२ साली अंतिम फेरी गाठली, किल्केनीकडून तीन पॉइंटांनी हरलो. १९७७ आणि १९७८ ला लीग (ही वेगळी स्पर्धा) जिंकली, दोन्ही वेळा किल्केनीलाच हरवून, आणि दोन्ही वर्षी मन्स्टरच्या अंतिम सामन्यात कॉर्कने घरी पाठवलं. १९९३ ला टिपरेरीने अठरा पॉइंटांनी धुतलं. १९९४ ला लिमरिकने नऊने.

आणि मग १९९५.

प्रशिक्षक जेर लॉकनन, सत्तरच्या दशकातल्या त्या हरलेल्या संघातला खेळाडू आणि पेशाने शिक्षक. गाव कुठलं, तर फीकल. बिडी अर्लीचंच! त्याने पोरांना हिवाळ्यात, अंधारात, चिखलात शॅननच्या टेकडीवर पळवलं. आमच्या शेजारी सत्तरीचे एक गृहस्थ राहतात, ते अजूनही त्या टेकडीवरून गाडी नेताना मान वळवून बघतात. त्या मोसमात कॉर्कविरुद्ध शॉनी मॅकमहॉनच्या खांद्याजवळचं हाड मोडलं. बदली खेळाडू संपले होते, म्हणून तो एक हात लटकवून पुढे जाऊन उभा राहिला आणि क्लेअर निसटतं जिंकलं. मन्स्टरच्या अंतिम सामन्यात पेनल्टी मारायला गोलकीपर डेव्ही फिट्झजेरल्ड सगळं मैदान ओलांडून गेला, गोल केला, आणि जल्लोष वगैरे काही न करता जिवाच्या आकांताने स्वतःच्या जाळ्याकडे पळत सुटला. ती चित्रफीत मी कितीदा बघितली असेल याला हिशेब नाही.

३ सप्टेंबरला अंतिम सामना. समोर आदल्या वर्षीचे विजेते ऑफली. शेवटच्या काही मिनिटांत कर्णधार अँथनी डेलीची लांबून मारलेली फ्री (मोकळा फटका) खांबाला लागून परत आली आणि बदली म्हणून उतरलेल्या एमन टाफने ती जाळ्यात हाणली. ऑफलीने बरोबरी केली. मग डेलीनेच पासष्ट मीटरवरून पॉइंट मारला, जेमसी ओ'कॉनरने आणखी एक. १-१३ विरुद्ध २-८, दोन पॉइंटांनी. टाफची गंमत म्हणजे गोल केल्यावर थोड्याच वेळात त्याला परत बाहेर बोलावलं. आला, शाप उतरवला आणि बाकावर जाऊन बसला.

अजिंक्यपदाचा लियम मॅकार्थी चषक १९२१ च्या स्पर्धेपासून दिला जातो, म्हणजे १९१४ च्या विजेत्यांनी तो कधी पाहिलेलाच नाही. तो हातात घेऊन डेली म्हणाला, की क्लेअरमध्ये एक्क्याऐंशी वर्षांपासून एक माणूस बेपत्ता होता, तो आज सुखरूप सापडला आणि त्याचं नाव लियम मॅकार्थी. शेजारचे गृहस्थ त्या दिवशी क्रोक पार्कमध्ये होते. चषकाचं ते पटकन सांगतात. मग गाडी वळते ती तिथे नसलेल्या त्यांच्या वडिलांकडे, आणि तिथून लवकर परत येत नाही.

१९९७ ला टिपरेरीला एकाच वर्षात दोनदा हरवून आणखी एक कप आणला, अंतिम सामना एका पॉइंटने. १९९८ बद्दल एनिसमध्ये जपून बोलावं. उपांत्य फेरीच्या फेरसामन्यात क्लेअर तीन पॉइंटांनी पुढे होतं आणि पंचांनी दोनेक मिनिटं आधीच शिट्टी वाजवली. ऑफलीचे लोक मैदानात उतरून बसले, उठेचनात. तिसऱ्यांदा सामना झाला, आम्ही हरलो, आणि ऑफलीने पुढे कप नेला. माझ्या मते ऑफलीवाल्यांचं बरोबर होतं, वेळ पूर्ण खेळवायलाच हवी. हे मत मी शेजारी बोललेले नाही.

२०१३ ला डेव्ही फिट्झ, तोच ९५ चा गोलकीपर, प्रशिक्षक. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात कॉर्क जिंकल्यातच जमा होतं. एवढ्यात डोनल ओ'डोनोव्हन हा बचावातला गडी, ज्याने या स्पर्धेत आयुष्यात कधी पॉइंट मारला नव्हता, वर येऊन बरोबरीचा पॉइंट मारून गेला. फेरसामन्याला एकोणीस वर्षांच्या शेन ओ'डॉनलला आपण पहिल्यापासून खेळणार हे त्याच दिवशी कळलं. त्याने तीन गोल केले.

२०२४ चा मात्र मी स्वतः पाहिला, एनिसच्या एका पबात, उभं राहून. २१ जुलै, समोर पुन्हा कॉर्क. प्रशिक्षक ब्रायन लोहन, ९५ च्या संघातला लाल हेल्मेटवाला. सुरुवातीलाच कॉर्क सात पॉइंटांनी पुढे गेलं, तेव्हा माझ्या शेजारची बाई शांतपणे चिप्स खात म्हणाली, "अजून वेळ आहे." मग टोनी केलीने चेंडू काठीवर झुलवत दोघा-तिघांना चुकवून गोल केला आणि तिच्या चिप्स माझ्या अंगावर. सामना जादा वेळेत गेला. ३-२९ विरुद्ध १-३४. बेरीज करा, एक पॉइंट. शेवटच्या फटक्याला आमच्या माणसाने जर्सी ओढली असं कॉर्कवाले अजून म्हणतात. चित्रफीत बघितली तर, ओढली आहे.

त्या रात्री व्हिडिओ कॉलवर आईने गल्लीतले झेंडे बघून विचारलं, "तिकडे भगवा कुणी लावला गं?" क्लेअरचे रंग केशरी आणि निळा. मी तिला सगळं समजावून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग बक्षीस किती मिळालं पोरांना?"

एक राहिलंच. २०२४ ला देश जिंकला खरा, पण प्रांत नाही. मन्स्टरचा अंतिम सामना २०२२, २०२३, २०२४, तिन्ही वर्षं लिमरिककडून हरलो. १९९८ नंतर तो चषक इकडे नाही, हे शेजाऱ्यांनी मला कप आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कचऱ्याचा डबा बाहेर ठेवताना सांगितलं.