कुर्लीची नक्षी आणि बाटलीचं कापड

आम्ही ठशांनी कापड छापतो. मुंबईच्या एका कंपनीला नाताळच्या सीझनसाठी 'समुद्र' या विषयावर कापड हवं होतं. स्टोल आणि संध्याकाळी किनाऱ्यावर घालायच्या मऊ हूडी. मासे, शंख, कासवं असं काहीही चालेल म्हणाले. ते नेहमीचंच म्हणून मी वाळूतल्या कुर्ल्या, म्हणजे छोटे खेकडे, घेतल्या.

गोव्यातल्या पेडण्याच्या किनाऱ्यावर सुकतीच्या वेळी या जेमतेम सेंटिमीटरभर कुर्ल्या बिळातून बाहेर येतात. वाळू तोंडात घालून तिच्यातलं खाणं चाळून घेतात आणि उरलेल्या वाळूची गोळी करून मागे टाकतात. बिळाभोवती किरणांसारख्या ओळी पसरत जातात. भरती आली की सगळं पुसलं, पुढच्या सुकतीला नवी मांडणी.

ही नक्षी ठशात बसेना. एक अख्खं बीळ कोरून घेतलं होतं, पण ठसा चार वेळा उमटला की डोळा तोच तो आकार पकडायचा. त्या दिवशी आमचे छपाईचे काका, मूळचे सावंतवाडीकडचे, वैतागून म्हणाले, "अगो बाय, कुर्ली काय ठसो मारता? एकेक गुळी टाकत जाता!" त्यांनी जुन्या बॉर्डरचा ठेवणीतला बारीक ठिपक्यांचा ठसा काढला आणि हात फिरवत प्रत्येक ओळ वेगळ्या कोनात मारली. बिळाचा काळा ठिपका गूळ-लोखंडाच्या पाण्याचा, गोळ्या तुरटीच्या. हिरड्यात भिजवून वाळवलेल्या सुती कापडावर काळा रंग लगेच चढला. मंजिष्ठेत उकळल्यावर तुरटी लागलेली जागा लाल झाली. कुणबी लुगड्याच्या लालाच्या जवळ जाणारा तो लाल पाहून मी खूश.

दुपारी कंपनीच्या बाई आल्या. नक्षी आवडली, पण त्यांना ती पॉलिस्टरवर डिजिटल प्रिंटनं हवी होती. टाकाऊ बाटल्यांपासून बनवलेलं निळं, ब्रश करून लवदार केलेलं कापड. सोबत 'हे कापड समुद्र वाचवतं' असा टॅगही छापून आणलेला, कासवासकट.

मी वाद घातला नाही. त्या कापडाचा तुकडा पांढऱ्या टबात साबणाच्या पाण्यात चोळला आणि पाणी कॉफीच्या फिल्टरमधून गाळलं. कागद सुकल्यावर त्यांच्या हातात पिक ग्लास, म्हणजे कापड तपासायचं भिंग, दिला. निळे तंतू स्पष्ट दिसत होते. बाटलीचं प्लास्टिक पुन्हा वापरलं तरी ते प्लास्टिकच; प्रत्येक धुण्यात झडणार, आणि त्यातलं काही नाल्यातून समुद्रात जाणार. तंतू सुती कापडाचेही झडतात, पण ते कुजतात. (कापूस पिकवायला पाणी लागतं, हेही त्यांना सांगितलं. नाहीतर मीही टॅगच छापल्यासारखं झालं असतं.)

बाई बराच वेळ भिंगातून पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "स्टोल सुतीच करू. हूडीचं मात्र माझ्या हातात नाही." टॅगवरचं वाक्य काढायचं त्यांनी कबूल केलं.

हूडीसाठी मी नक्षी दिली नाही. ते काम त्यांनी दुसरीकडे दिलं. स्टोलची ऑर्डर पक्की झाल्यावर काकांनी नगामागे मजुरी वाढवून मागितली. हात फिरवून छापायला वेळ लागतो, मागणी रास्तच होती. वाढीव दर मी त्याच संध्याकाळी बाईंना कळवला.