सोय न घातलेले छोले

श्रावण लागला की गोव्यातल्या बहुतेक हिंदू घरांत मासळीची भांडी वर जातात. सोमवार तर पक्का शिवराक, त्या दिवशी कांदा-लसूणही नाही. सुरुवातीचे दिवस बरे जातात. तायकिळ्याची भाजी होते, मुगागाठी होतात, खतखतं होतं, अळसांद्यांचं तोणक, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातलं कडधान्याचं कालवण, होतं. मग मुलं ताटात डोकावून उसासे टाकायला लागतात, आणि त्या उसाशांवर उतारा म्हणून आमच्या फोंड्याच्या स्वयंपाकघरात छोले-भटुरे शिरले.

कांद्याशिवाय छोले म्हटलं की लोक चमकतात. हॉटेलांनी आपल्याला लाल, दाट ग्रेव्हीची सवय लावून ठेवली आहे, त्याला आपण काय करणार? पण रावळपिंडीचं नाव मिरवणाऱ्या अस्सल पिंडी छोल्यांत कांदा-टोमॅटोचं वाटण नसतंच. आलं, भाजलेले सुके मसाले, आंबटपणाला अनारदाना किंवा आमचूर, आणि शेवटी वरून कडकडीत तूप. रंग काळपट, अंगाला मसाला चिकटलेला, रस्सा जवळजवळ नाहीच. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या माणसांनी दिल्लीत ही चव रुजवली. पहाडगंजचं नावाजलेलं सीताराम दीवानचंद १९५० सालचं. गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता, १९६१ पर्यंत राहिला. दिल्लीकर भटुरे फाडत होते तेव्हा आमचे वाडवडील भाजीत पाव बुडवत होते.

सोमवारच्या छोल्यांची तयारी रविवारी रात्री काबुली चणे भिजत घालण्यापासून. सकाळी कुकरमध्ये चिमूटभर सोडा, तमालपत्र, काळी वेलची आणि फडक्यात बांधलेली चहापत्ती. कोणी चहाऐवजी वाळवलेला आवळा टाकतं. दोन्हींचं काम एकच, चण्यांना काळसर रंग चढवायचा. मग हेच चणे लोखंडी कढईत परतले तर रंग आणखी गडद होतो, कारण आवळ्या-चहातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळेपण येतंच. अनारदाना फोंड्याच्या बाजारात मिळेलच असं नाही. आमचूर मिळतो, पण मी तोही आणत नाही. उन्हाळ्यात मीठ लावून वाळवलेल्या कैरीच्या फोडी, आपली आंबोशी, बरणीत असतेच. तीच मिक्सरमधून काढायची. फक्त छोल्यांत मीठ घालताना हात आखडता घ्यायचा, नाहीतर आंबोशीचं मीठ वर चढून बसतं.

खरी परीक्षा यापुढे आहे. धणे, मिरी, लवंग, दालचिनी तव्यावर खमंग भाजायला घेतली की गोव्याच्या माणसाचा हात आपोआप विळीकडे जातो. कारण इथवर सगळं तोणकासारखंच चाललेलं असतं. तोच वास, तोच धूर, भिजून फुगलेलं तेच कडधान्य. आता फक्त नारळ खवायचा, ती सोय, म्हणजे खवलेलं खोबरं, तांबूस होईपर्यंत भाजायची आणि पाट्यावर घ्यायची. ती घ्यायची नाही, हे मनाला पटवायला फार वेळ लागतो. सासूबाई दारात उभ्या राहून कढईत बघतात आणि विचारतात, "आनी सोय?"

"ह्यात नसते, आई."

"मगीर ताका रूच खंयची?" असं म्हणून त्या देवघरात जातात. मग त्याला चव कुठली, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. खोबऱ्याशिवायची चव हा आमच्याकडे वादाचा विषय आहे आणि सासूबाईंची बाजू तशी लंगडी नाही.

भटुऱ्यांच्या बाबतीत मात्र त्यांचा हात माझ्यापेक्षा सराईत. बन्स केलेल्या बाईला भटुरा काय शिकवणार? गोव्यातल्या कुठल्याही भाजी-पावाच्या हॉटेलात काचेच्या कपाटात टम्म फुगलेले, किंचित गोड बन्स दिसतात आणि सोबत पातळ भाजी मिळते. मैदा, दही, सोडा दोन्हींत आहे. फरक केळ्याचा. बन्समध्ये साल काळी पडलेलं केळं कुस्करायचं, पाण्याचा थेंब लागत नाही, पीठ रात्रभर मुरू द्यायचं. भटुऱ्यासाठी दोन वाट्या मैद्याला अर्धी वाटी दही, दोन चमचे रवा, आणि दोनेक तास झाकून ठेवलं की झालं. पावसाळ्यात मैदा आधीच दमट असतो, म्हणून पाणी हात राखून. श्रावणातल्या हवेत पीठ आंबायलाही वेळ लावत नाही, जरा विसरलं की तोंड आंबट करून बसतं.

तळणाची रीत मात्र उलटी. बन्समधली साखर कडक तेलात करपते, म्हणून त्यांना मध्यम आच. भटुऱ्याला तेल चांगलं तापलेलं हवं. पिठी न लावता तेलाच्या हाताने लांबट लाटायचा आणि कढईच्या कडेने सोडायचा. तो आधी तळाशी जातो, वर येताना झाऱ्याच्या पाठीने हलकेच दाबायचा. एका कोपऱ्यात फोड येतो, तो पसरत पसरत दुसऱ्या टोकाला पोचतो आणि वरचा पापुद्रा सुटतो. आत कोंडलेली वाफ सगळं काम करते. तेल थंड असेल तर पापुद्रा आवळायच्या आतच वाफ निसटते आणि हाती तेलकट पोळी येते. सासूबाईंनी तळलेला पहिलाच असा फुगला की मुलं ओट्याजवळून हलेनात. "बन्सच न्हय हे," त्या म्हणाल्या, "केळें विसरल्ले."

कळंगुट-बागाकडे आता पंजाबी ढाबे जागोजागी आहेत आणि तिथे पर्यटकांना हव्या तशा चवीचं सगळं मिळतं. पण तिथल्या छोल्यांत क्रीमचा गोळा पाहिल्यापासून मी घरच्या कढईलाच मानते.

भटुरे संपतात, छोले नेहमी उरतात. मंगळवारी सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, पों पों करत आला की सासूबाई पोळ्या घेतात, म्हणजे गव्हाच्या कोंड्याचे, आतून पोकळ पाव. तोवर त्यांनी नारळ फोडलेला असतो. कांदा-खोबरं भाजून, वाटून उरलेल्या छोल्यांत घातलेलं असतं आणि कढईत रटरट चालू असते. नवरा दोन पोळ्या जास्त खातो. आदल्या दिवशी छोल्यांना नावं ठेवणाऱ्या सासूबाई वाढताना माझ्याकडे बघतही नाहीत.