आज दूध उतू गेलं

रात्रीचे साडेअकरा झालेत, कर्वेनगरात संध्याकाळपासून पावसाची रिपरिप चालू आहे आणि मला काही झोप येत नाहीये.

सकाळी आईने चितळ्यांच्या दोन पिशव्या फोडून दूध तापत ठेवलं आणि विसरली. दूध उतू गेलं, बर्नर विझला, गॅसचा वास पार हॉलपर्यंत. मी नको तेवढा ओरडलो. ती काही न बोलता फडक्याने ओटा पुसत राहिली, शेगडीच्या कडेला चिकटलेली साय नखाने खरवडत. मग म्हणाली, "बाबांवर गेलायस रे, तू तरी काय करणार."

म्हणजे माफच केलं तिने, पण तेच दिवसभर टोचत राहिलं. स्वभाव बाबांचा, त्यांच्यात तो आजोबांकडून आलेला, त्यात रात्री झोप नाही, मग मी ओरडणार हे आधीच ठरलेलं होतं का? १९८३ साली बेंजामिन लिबेट या मेंदूच्या अभ्यासकाने दाखवलं होतं की 'आता हात हलवावा' असं माणसाला जाणवायच्या आधीच, साधारण एक तृतीयांश सेकंद आधी, मेंदूत तयारी सुरू झालेली असते. असेल. पण हात हलवणं वेगळं आणि आईवर ओरडणं वेगळं.

कारण ओरडता ओरडताच साहेबांचा फोन आला आणि माझा आवाज लगेच मऊ, "हो सर, बोला ना". म्हणजे रागाला समोर कोण आहे ते बरोबर कळत होतं! आईच्या विसरण्याला ते कळत नाही, समोर कुणीही असो, ती विसरणारच. कारणं दोन्हीमागे आहेत, तेवढीच पक्की, तरी तिला बोल लावता येत नाही आणि मला येतो, मला तरी आता हे असंच दिसतंय.

पीटर स्ट्रॉसन या इंग्रज तत्त्वज्ञाने १९६२ मध्ये मांडलं होतं की एखाद्यावर रागावणं, रुसणं, त्याचे उपकार मानणं, हे सगळं आपण त्याला आपल्यातला माणूस धरतो म्हणून असतं, ते सोडलं की तो फक्त सांभाळून घ्यायची गोष्ट उरतो. सकाळी आईने मला सांभाळून घेतलं, पाऊस आला की वाळत घातलेले कपडे आत घेतो ना, तसं.

जेवणं झाल्यावर म्हटलं, आई, बाबांचं काही नाही त्यात, मी ओरडलो, चुकलं माझं. तिने सोलत असलेला लसूण खाली ठेवला. "चुकलंच. शेजारी ऐकत होते, लाज वाटली मला." आणि उठून खोलीत गेली, दार लावून घेतलं. कितीतरी दिवसांनी माझ्यावर रुसली.