टँकर ते रेसचं चेंबर : आमची वाटचाल

२०१२-१३ च्या दुष्काळात वाळूज एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये पाण्याच्या टँकरशिवाय दुसरं काही बनतच नव्हतं. वडिलांनी उभा केलेला हा फॅब्रिकेशनचा धंदा. त्याआधी गेट, शटर, ट्रॉल्या, येईल ते काम घ्यायचो. टँकरवाल्या ड्रायव्हर लोकांचं एक गाऱ्हाणं कायम असायचं: भरलेला टँकर सरळ चालतो, पण अर्धा झाला की वळणावर गाडी ओढतो. पाणी एका अंगाला धावतं आणि गाडी त्याच्यामागे जाते. वडील आत भोकं पाडलेली पार्टिशनं टाकायचे. भोकं किती, केवढी आणि कुठे, हे त्यांच्या हाताला माहीत होतं. त्याच कामाने पुढे आम्हाला वेगळ्या वाटेला नेलं.

आमचा टँकर वापरणाऱ्या एका शेतकऱ्याचे पुण्याचे पाहुणे एक दिवस इंजिनाचं ऑइल चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी, घेऊन आले. त्यांची स्पोर्ट्स कार चेन्नईजवळच्या ट्रॅकवर पळायची. एका लांब वळणावर इंजिन गेलं, कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक जोडणारा दांडा) इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर आला. मिस्त्रीने ऑइल पंप बदलला, इंजिन नव्याने बांधलं, आणि तेही त्याच वळणावर गेलं. दोन्ही वेळा डिपस्टिकवर तेल पुरेपूर होतं. त्यांनी वडिलांना विचारलं, "काका, तुमच्या टँकरसारखं काही ह्याच्या आत करता येईल का?"

वडिलांना दुखणं लगेच समजलं. विहिरीचं पाणी फुटबॉलच्या (पाइपच्या टोकाच्या फूट व्हॉल्व्हच्या) खाली गेलं की मोटार हवा ओढते, हे आपल्याकडे पोरालाही माहीत असतं. इथे तेल संपलेलं नव्हतं, ते नुसतं बाजूला पळालं होतं. गाडीने वळणावर एक जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाएवढा, बाजूचा जोर घेतला की तेलाचा पृष्ठभाग ४५ अंश कलतो. उजव्या वळणावर सगळं तेल डावीकडे चढतं, स्ट्रेनर (पंप तेल ओढतो ते जाळीचं तोंड) उघडा पडतो आणि पंप तेलाऐवजी हवा पाठवतो. ७००० आरपीएमला (मिनिटाला ७००० फेरे) क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, सेकंदाला जवळपास ११७ वेळा फिरतो. कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं बिगएंड बेअरिंग तेलाच्या अगदी बारीक थरावर तरंगतं. तो थर तुटला की धातूवर धातू घासतो. काही सेकंदांत काम तमाम होतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा तर बहुतेक गाड्यांत तेलाचा दाब अगदी तळाला गेल्यावरच लागतो. म्हणून आम्ही गिऱ्हाइकाला पहिल्यांदा ऑइल प्रेशर गेज बसवायला सांगतो. दर हजार आरपीएमला साधारण १० पीएसआय (दाबाचं माप) दाब हवा, हा जुना अंदाज आजही कामाला येतो.

पहिलं चेंबर आमचं चुकलं. स्ट्रेनरभोवती आम्ही जवळजवळ बंद पेटीच केली. तेल बाहेर जाईना हे खरं, पण वरून, इंजिनाच्या हेडमधून (वरच्या भागातून), परत येणारं तेल आतही लवकर शिरेना. दुसऱ्या खेपेला पेटीला आतल्या बाजूला उघडणाऱ्या झडपा लावल्या: तेल स्ट्रेनरकडे येताना उघडतात, परत पळायला लागलं की मिटतात. झडपांना साधं रबर अजिबात लावत नाही. ट्रॅकवरच्या गरम तेलात ते खराब होऊन तुटतं आणि तुकडा स्ट्रेनरच्या जाळीत अडकतो. आम्ही पत्र्याच्या झडपा बिजागरीवर बसवतो.

वेल्डिंगने चेंबरची फ्लँज (इंजिनाला बोल्टने जोडायची सपाट कड) वाकते, हे दुसरं दुखणं. म्हणून ती आधी २० मिलिमीटरच्या प्लेटवर बोल्टने आवळतो, पूर्ण गार झाल्यावरच सोडतो आणि मग फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फिलर गेज, फिरवतो. गळती बघायला बाहेरून खडूचा हात, आतून रॉकेल; गळत असेल तिथे खडू ओला दिसतो. ही टँकरचीच पद्धत.

सगळ्यात जास्त वेळ कलत्या टेबलावर जातो. चालत्या इंजिनात बरंच तेल वर अडकलेलं असतं, म्हणून एक लिटर तेल मुद्दाम कमी घालून चेंबर चारही बाजूंना ५० अंशांपर्यंत कलवतो. हे जवळपास १.२ जी होतं. लांब वळणात तेल किती वेळ टिकतं ते टेबलावर दिसत नाही, ते गिऱ्हाइकाच्या गेजवरच कळतं. म्हणून पहिल्या दिवसाचे आकडे पाठवल्याशिवाय आम्ही काम पुरं झालं असं मानत नाही.

काही जण म्हणतात, अर्धा लिटर तेल जास्त घालतो, झालं. थोडा फायदा होतो, पण पातळी फार वर गेली तर क्रँक तेल घुसळतो, फेस होतो, आणि फेसात हवाच असते. स्लिक टायर (खाचा नसलेले, जास्त पकडीचे रेसचे टायर) लावून पळणाऱ्याला झडपाही कमी पडू शकतात. त्याला आम्ही दाबाखाली तेल साठवणारा अ‍ॅक्युम्युलेटर सुचवतो. त्याच्याही पुढे ड्राय सम्प: तेल वेगळ्या टाकीत आणि ते उपसायला जादा पंप. तो आम्ही बनवत नाही. ज्याला खरंच लागतो त्याला तसं स्पष्ट सांगतो आणि त्याचे पैसे वाचवतो.

आज वडील शेडवर कमी येतात, पण नवीन चेंबर आलं की झडपांची जागा तेच खडूने आखतात. मार्च ते जून टँकरची दुरुस्ती आधी होते, चेंबरं नंतर. ऑर्डर घेतानाच आम्ही हे सांगून ठेवतो.