रेसिंग गेमचं स्टिअरिंग व्हील बिघडलं? तिकीट टाकण्याआधी दुखणं कुठे आहे ते पकडा

'व्हील नीट चालत नाहीये, वॉरंटीत बदलून द्या.' कंपनीच्या सपोर्टला जाणारी निम्मी तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, एवढीच असतात. त्यावर ठरलेलं उत्तर येतं: पोर्ट बदला, सॉफ्टवेअर पुन्हा टाका, दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा. तुम्ही दोन दिवसांनी 'केलं' असं लिहिता, मग तिकडून पुढचा प्रश्न येतो. महिना असाच जातो. बिघाड व्हीलमध्येच आहे, कॉम्प्युटरमध्ये किंवा गेममध्ये नाही, हे पहिल्याच मेलमध्ये दाखवता आलं तर यातल्या बऱ्याच फेऱ्या वाचतात.

सुरुवात विजेपासून करा. लॉजिटेकच्या जी२९ किंवा जी९२० सारख्या व्हीलमध्ये यूएसबीतून माहिती जाते, पण मोटरला लागणारी वीज वेगळ्या अडॅप्टरमधून येते. त्यामुळे बटणं चालताहेत पण व्हील हाताला मेलेलं लागतंय, असं असेल तर पहिला संशय अडॅप्टरवर आणि त्याच्या पिनेवर घ्यायचा. अडॅप्टर अर्धवट गेलेला असला तर गंमत होते: रिकाम्या स्थितीत मल्टिमीटर लेबलवरचा आकडा अगदी बरोबर दाखवतो, पण मोटरने जोर मागितला की व्होल्टेज कोसळतं. मग सुरुवातीचं कॅलिब्रेशन (प्लग लावल्यावर व्हील स्वतःहून दोन्हीकडे फिरून मध्य ठरवतं ते) मध्येच थांबतं, किंवा गेममधल्या गाडीचं चाक कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या उंच कडेवर, आपटलं की व्हील क्षणभर बंद होऊन परत जागं होतं आणि विंडोज डिव्हाइस निघाल्याचा आवाज करतं. इथे एक इशारा. घरातला दुसरा कुठला अडॅप्टर पिनेत बसतो म्हणून लावून बघू नका. जी२९ चा अडॅप्टर २४ व्होल्टचा आहे, आणि तसलीच गोल पिन असलेले १२ आणि १९ व्होल्टचे अडॅप्टर घरोघरी पडलेले असतात. व्होल्टेज किंवा ध्रुवता (अधिक-उणे) चुकली तर बोर्ड जळेल आणि वॉरंटीही हातची जाईल.

मग यूएसबी. हब नको, एक्स्टेन्शन नको, कॅबिनेटच्या पुढचा पोर्टही नको; थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टमध्ये लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची खूण असते, ती काढा. लॉजिटेकचं जुनं गेमिंग सॉफ्टवेअर आणि नवं जी हब दोन्ही एकाच मशीनवर असतील तर दोन्ही काढून, रीस्टार्ट करून, एकच टाका. फर्मवेअरचं (व्हीलच्या आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट चालू असताना केबलला हात लावायचा नाही. अर्ध्यात तुटलेलं अपडेट हा स्वतःच्या हाताने ओढवून घेतलेला बिघाड असतो. प्लेस्टेशनवर जी२९ ओळखलंच जात नसेल तर आधी बेसवरची (व्हीलच्या मोटर असलेल्या भागावरची) पीएस३-पीएस४ सरकपट्टी बघा. पीएस५ साठीही ती पीएस४ वरच हवी. ऐकायला बाळबोध वाटतं, पण एवढ्यासाठी पार्सल करून परत गेलेली व्हील कमी नसतील.

आता खरी चाचणी, आणि ती गेममध्ये करायची नाही. गेमची स्वतःची सेटिंग्ज, डेडझोन (सुरुवातीची जी हालचाल गेम मोजतच नाही ती), फोर्सचे म्हणजे मोटरच्या जोराचे स्लायडर सगळं मध्ये लुडबुडतं. तिथे निदान करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. विंडोजमध्ये रन उघडा, त्यात जे-ओ-वाय, टिंब, सी-पी-एल असं टाइप करा, यादीतलं व्हील निवडून प्रॉपर्टीज उघडा. व्हीलचे सगळे अक्ष (व्हील आणि पेडल किती हलली याचं मोजमाप) आणि बटणं तिथे कच्च्या स्वरूपात दिसतात.

केंद्र तपासायला रिमच्या (हातात धरायच्या चाकाच्या) माथ्यावर आणि बेसवर समोरासमोर चिकटपट्टीचा एकेक तुकडा लावा. व्हीलचा प्लग काढून परत लावा, आणि ते स्वतःहून डावी-उजवीकडे फिरत असताना हात लांब ठेवा. केबल रिममध्ये अडकलेली नको, मांडीचाही स्पर्श नको. कॅलिब्रेशनमध्ये अडथळा आला की केंद्र हमखास चुकतं. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोरात दहा वेळा फिरवा आणि पट्ट्या जुळवा. स्क्रीनवरची खूण पुन्हा मध्यावर आली तर ठीक. दर वेळी तेवढ्याच अंतराने चुकत असेल तर ते कॅलिब्रेशनचं प्रकरण आहे. पण दर फेरीला चूक वाढत गेली तर सेन्सर किंवा त्याची जोडणी घसरते आहे, आणि तो सरळसरळ हार्डवेअरचा दोष. जुन्या जी२५ आणि जी२७ मध्ये हे फार व्हायचं. मोटरच्या दांड्यावर बसवलेली एन्कोडरची (फिरणं मोजणाऱ्या सेन्सरची) छोटी प्लॅस्टिक चकती तडकायची आणि दांड्यावर सैल फिरायची. मोटर किती फिरली हेच बोर्डाला कळेना, म्हणून व्हील कॅलिब्रेशनला एका टोकाला जाऊन धडकतच राहायचं.

पेडलसाठी प्रत्येक पेडल दहा सेकंद घेऊन सावकाश दाबा, तितकंच सावकाश सोडा. स्क्रीनवरची पट्टी सलग सरकली पाहिजे. मध्येच उड्या मारत असेल तर पोटेन्शिओमीटरच्या (पेडल किती दाबलं ते मोजणाऱ्या भागाच्या) आतल्या पट्ट्यावर धूळ बसली आहे किंवा तो झिजला आहे. पेडल न हलवता फक्त केबल हलवल्यावर उडी दिसली तर दोष केबलमध्ये किंवा प्लगमध्ये. जी२९ चा नऊ पिनांचा प्लग काढून एखादी पिन वाकली आहे का ते बघा. काही व्हीलमध्ये पेडल मोकळं असताना पट्टी भरलेली दिसते, तर काहींत एकदा पूर्ण दाबेपर्यंत ती मधोमध अडकलेली असते. दोन्ही गोष्टींत बिघाड काही नाही.

बिघाड नसलेल्या आणखी काही गोष्टी सांगून टाकतो, कारण यांच्यावर लिहिलेली तिकिटं हमखास फेटाळली जातात. गिअरवर चालणाऱ्या व्हीलची खडखड ही त्या रचनेचीच आहे. मात्र व्हील फिरवताना ठरावीक जागीच 'टक्' वाजून झटका बसत असेल तर दात तुटलेला असू शकतो, तिथे जरूर तक्रार करा. सरळ रस्त्यावर हात सोडले की व्हील डावी-उजवीकडे डुलायला लागतं, हे फोर्स जास्त आणि डॅम्पिंग (हालचाल मंदावणारा रोध) कमी असल्यामुळे होतं. जी२९ चा ब्रेक दगडासारखा लागतो कारण आत रबराचा ठोकळा मुद्दाम घातला आहे. आणि व्हील मध्याकडे यायच्या ऐवजी मध्यापासून लांब पळत असेल तर गेममध्ये फोर्सची दिशा उलटी निवडली गेली आहे. जोर तासाभराने ओसरणं मात्र बिघाड असू शकतो, नसूही शकतो. मोटर तापली की ती वाचवण्यासाठी जोर थोडा कमी केला जातो. पण त्याच सेटिंगवर आधी दोन तास टिकणारं व्हील आता १५ मिनिटांत थकत असेल, किंवा पंखा असलेल्या व्हीलमध्ये त्याचा आवाजच येत नसेल, तर ते वॉरंटीचं काम आहे. जळका वास आला तर कसली चाचणी नाही, आधी प्लग काढा.

आता तिकीट. बेसच्या तळाशी स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल क्रमांक आणि सिरियल क्रमांक यांचा फोटो काढा, हाताने उतरवू नका. शून्य आणि 'ओ' मध्ये हमखास गल्लत होते. बिलावर विक्रेत्याचं नाव, तारीख आणि मॉडेल तिन्ही दिसायला हवीत. पेमेंटचा स्क्रीनशॉट म्हणजे बिल नव्हे. व्हील सेकंडहँड असेल, बाहेरच्या देशातून आणलेलं असेल किंवा गेमिंग कॅफेत वापरलं असेल तर वॉरंटीच्या अटी आधी वाचा, कारण बऱ्याच कंपन्या या तिन्ही बाबतींत हात वर करतात. विक्रेत्यावर कायद्याने असलेली जबाबदारी ही कंपनीच्या वॉरंटीपेक्षा वेगळी गोष्ट आहे. खरेदी ताजी असेल तर आधी विक्रेत्याचंच दार ठोठवा, तिथे बदली लवकर मिळण्याची शक्यता जास्त.

व्हिडिओ एकसलग हवा, कापाकापी नको, मिनिट-दीड मिनिट पुरे. कागदावर तारीख आणि मिळाला असेल तर तिकीट क्रमांक लिहून तो सिरियलच्या स्टिकरशेजारी धरा, मग अडॅप्टर आणि यूएसबी जोडलेले दाखवा, प्लग लावून कॅलिब्रेशन होऊ द्या, शेवटी स्क्रीनवर अक्षाची पट्टी आणि तुमचा हात एकाच चौकटीत येईल असं बघा. मजकूर असा चालेल: 'ब्रेक पेडल सावकाश दाबल्यावर वाचन साधारण ४० टक्क्यांवरून एकदम ७० वर उडी मारतं. दोन कॉम्प्युटरवर, थेट मागच्या पोर्टमध्ये, सॉफ्टवेअर नव्याने टाकून तपासलं, परिणाम तोच. केबल हलवल्याने फरक पडत नाही. बिल, सिरियलचा फोटो आणि व्हिडिओ सोबत जोडले आहेत.' राग, धमकी, सगळ्या खरेदीचा इतिहास यातलं काही नको. तिकीट वाचणाऱ्याला पुढच्या टप्प्यावर पाठवायला कारण हवं असतं, ते त्याच्या हातात द्या.

वॉरंटी संपायला थोडेच दिवस उरले असतील तर चाचण्या अपुऱ्या असल्या तरी तिकीट आधी टाका. तक्रार लेखी नोंदवल्याची तारीख महत्त्वाची ठरते. फोनवर बोलणं झालं तर त्याचा गोषवारा त्याच तिकिटात लिहून ठेवा.

दावा मान्य झाल्यावर काय काय पाठवायचं ते विचारूनच पार्सल बांधा. जी२९ चं व्हील सव्वादोन किलो आणि पेडल ३.१ किलो भरतात. फक्त पेडल बिघडली असतील तर सगळा संच पाठवण्यात कुरियरचा खर्च विनाकारण वाढतो. कधीकधी वस्तू परत न मागवता केबल कापून तिचा फोटो पाठवायला सांगतात. तशी सूचना लेखी आल्याशिवाय कात्री उचलायची नाही. मूळ खोका नसेल तर जाड दुपदरी खोका घ्या आणि रिम कुठल्याही भिंतीला टेकणार नाही असं भरण टाका. टेबलाला आवळायचे क्लॅम्प पूर्ण आत फिरवून ठेवा, बाहेर राहिले की वाटेत तेच आधी मोडतात. बंद करण्यापूर्वी चारही बाजूंनी फोटो काढा.

बदली येईल ती नवी नसून दुरुस्त केलेली असू शकते, आणि तिची वॉरंटी बहुतेक वेळा मूळ खरेदीच्या तारखेपासूनच मोजली जाते. म्हणून ती आली त्याच दिवशी खोका उघडून चिकटपट्टीची आणि दहा सेकंदांची दोन्ही चाचण्या करून घ्या, आणि नवा सिरियल क्रमांक जुन्या तिकिटावर नोंदवून मागा.