गोळी सिद्ध झाली, मग घरापर्यंत का येईना?

नर्सिंग शिकणाऱ्या मुली खानापुरात भेटल्या की हमखास विचारतात, "सिस्टर, एखादा उपचार संशोधनात सिद्ध झाला, तर तो लगेच सगळीकडे का सुरू होत नाही?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. जंगलपट्टीतल्या उपकेंद्रात एएनएम, म्हणजे बाळंतपणं करणारी सरकारी नर्स, म्हणून मी नोकरी केली, तिथं जे बघितलं तेच सांगते.

आपल्याच जिल्ह्यातलं घ्या. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी टळतो का, हे बेळगाव जिल्ह्यातल्या खेड्यांत तपासलं गेलं. १६२० बायका होत्या आणि गोळ्या देणाऱ्या आमच्यासारख्याच एएनएम. बिनऔषधी गोळ्या घेतलेल्यांपैकी १२ टक्के बायकांना जास्त रक्तस्राव झाला, औषध घेतलेल्यांत ६.४ टक्के. 'लॅन्सेट'मध्ये हे २००६ साली छापून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत या कामासाठी ही गोळी २०११ मध्ये आली. पाच वर्षं!

आणि यादीत आली म्हणजे माझ्या पिशवीत आली असं नाही. याच कामासाठी ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन जास्त चांगलं, पण त्याला थंडावा लागतो. कणकुंबी-जांबोटीकडच्या पावसात लाईट गेली की फ्रीज म्हणजे नुसतं कपाट. गोळीला फ्रीज नको, पण तिला ओल सोसत नाही. पाकीट वेळेपर्यंत फोडायचं नाही, हे मला फार उशिरा कळलं. ट्रेनिंगमध्ये डोस शिकवला होता, आमचा पावसाळा कुणी शिकवला नाही.

रक्त किती गेलं, हे तरी आम्हाला कुठं कळत होतं? एक लुगडं भिजलं, दोन धडपी भिजली, असा हिशेब. त्या अभ्यासात बाळंतिणीखाली पसरायची खुणांची प्लॅस्टिकची पिशवी वापरली होती. पहिल्यांदा मी ती वापरली तेव्हा मनात म्हटलं, फार नाही गेलं. वाकून बघते तर रक्त ५०० मिलिलिटरच्या, म्हणजे धोक्याच्या, खुणेच्या वर! हात गार पडले माझे. नजरेचा अंदाज नेहमी कमीच भरतो, हे त्या दिवशी पटलं, कागदावर वाचून पटलं नव्हतं. पुढं पिशव्यांचा पुरवठा थांबला आणि आम्ही पुन्हा लुगडी मोजायला लागलो. त्याचा राग मला अजून आहे. २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत अशीच खुणांची पिशवी आणि सगळे उपचार एकदम, असं करून गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाल्याचं वाचलं, तेव्हा तो राग पुन्हा वर आला.

भाषेचंही आहे. सूचनापत्रकं कन्नडमध्ये यायची. मला कन्नड येतं, पण वाड्यांवरच्या कितीतरी बायकांचं शिक्षण, बोलणं सगळं मराठीत. रात्री कंदिलाजवळ बसून मी वहीत मराठीत उतरवून काढायची. ते काम कुठल्याच रजिस्टरात नाही, पण माझ्या मते खरं काम तेच.

एका घरी मी बाळ झाल्यावर तीन गोळ्या दिल्या. थोड्या वेळानं बाळंतीण थडथड कापायला लागली. सासू अंगावर आली, "काय दिलंसा ओ बाई? पोरगी कापाय लागल्या की!" या गोळीनं थंडी वाजते, थोड्या वेळानं जाते, हे मला माहीत होतं. त्यांना आधी सांगितलं नव्हतं, ती चूक माझी. पुढं महिनाभर त्या गल्लीत कुणी गोळी घ्यायला तयार होईना.

नंतर त्याच गल्लीत दुसरं बाळंतपण आलं. तेव्हा मी कळा सुरू असतानाच सगळं सांगून टाकलं, कापरं भरेल, घाबरू नका. घरच्या म्हातारीनं काही न बोलता वाकळ आणून चुलीजवळ ऊब लागंल अशी ठेवली.