जुन्या फोटोंचा संग्रह अभिलेखागारात देताना: माझा अनुभव

जुन्या छायाचित्रांचा सरमिसळ संग्रह अभिलेखागारात द्यायचा ठरला की बहुतेक जण आधी स्कॅनर शोधतात. मी स्कॅनिंग अगदी शेवटी ठेवते. चित्रात काय आहे ते नंतरही बघता येतं. ते काचेवर आहे, फिल्मवर की कागदावर, हे मात्र पहिल्याच बैठकीत ठरवावं लागतं, कारण प्रत्येकाच्या नासण्याची रीत वेगळी आणि एकाला मानवणारा उपाय दुसऱ्याला घातक.

त्याच्याही आधी नोंद. खोका उघडल्यावर काहीही न हलवता वरून फोटो घ्यायचा आणि आहे त्याच क्रमाने प्रत्येक गठ्ठ्याला तात्पुरता क्रमांक द्यायचा. पाकिटावरचा मजकूर, दुकानाचा शिक्का, मागची अक्षरं, सगळं नोंदवहीत उतरवायचं. ओळख न पटणारा चेहरा पुष्कळदा त्याच पाकिटातल्या दुसऱ्या फोटोमुळे ओळखता येतो. हौसेने विषयवार गठ्ठे लावले की तो धागा कायमचा तुटतो. अल्बमही सुटा करत नाही. पानांचा क्रम आणि खालच्या ओळी हा त्याच दस्तऐवजाचा भाग आहे. प्रिंटवर लिहायचंच झालं तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने आणि फक्त क्रमांक. प्लास्टिकचा थर असलेल्या अलीकडच्या कागदावर पेन्सिल उमटत नाही, तिथे क्रमांक पाकिटावर टाकते, आणि तोही फोटो आत सरकवण्यापूर्वी.

मग ओळख. प्रिंटसाठी ३० पट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. कागदाचे तंतू स्पष्ट दिसत असतील, रंग तपकिरी-जांभळा आणि उजळ भाग पिवळट असेल, तर ती बहुधा अल्ब्युमेन प्रिंट (अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरची), म्हणजे १८५० नंतरच्या काही दशकांतली. तंतू अजिबात दिसत नसतील आणि गडद भागांवर, कडेकडेने निळसर चंदेरी झाक असेल, तर जिलेटिन प्रिंट. ही झाक म्हणजे चांदी ऑक्सिडीकरण होऊन पृष्ठभागावर आलेली असते. ती पुसून काढायची नसते.

काचेच्या निगेटिव्हमध्ये दोन मुख्य प्रकार भेटतात. १८५१ पासूनच्या कोलोडियन (एक चिकट रासायनिक द्रावण) प्लेटवर चित्र धरणारा थर हाताने ओतलेला असतो: कडा असमान, काच हाताने कापलेली, रंग दुधी-तपकिरी. नंतरच्या जिलेटिन प्लेटचा थर एकसारखा आणि रंग राखाडी-काळा. हा फरक साफसफाईत जीवघेणा ठरतो. कोलोडियन अल्कोहोलमध्ये विरघळतं आणि जिलेटिन पाण्याने फुगतं, म्हणून थराच्या बाजूला मी हवा फुंकणारा रबरी फुगा आणि मऊ ब्रश यांपलीकडे काही वापरत नाही. चकचकीत बाजू काचेची, मंद बाजू थराची. थराच्या बाजूला लाल किंवा काळा रंग फासलेला दिसला तर तो मळ समजून काढू नये. आकाश किंवा पार्श्वभूमी झाकण्यासाठी छायाचित्रकाराने तो मुद्दाम लावलेला असतो, आणि तो छायाचित्रकाराच्या कामाचा पुरावा आहे.

फिल्मकडे सर्वांत जास्त लक्ष लागतं. कडेवर ‘नायट्रेट’ किंवा ‘सेफ्टी’ असं छापलेलं आहे का ते आधी बघते. छाप नसेल तर १९५१ पूर्वीच्या फिल्मला नायट्रेट धरूनच हाताळायचं. ती पेटली की जळायला लागणारा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे विझवणं फार अवघड. पिवळसर पडणं, चिकटपणा, बुडबुडे, शेवटी तपकिरी भुकटी, असा तिचा ऱ्हास होतो. अशी फिल्म वेगळी, थंड जागी आणि हवा खेळेल अशा कागदी पाकिटात ठेवते. हवाबंद प्लास्टिकमध्ये तिचे वायू कोंडून ऱ्हास आणखी वाढतो. ती टपालाने पाठवायची नाही, स्कॅनरच्या गरम दिव्याखालीही घालायची नाही. अभिलेखागाराला आधी कळवायचं आणि ते सांगतील तसं करायचं.

‘सेफ्टी’ छापाची ॲसिटेट फिल्म सहजासहजी पेटत नाही, पण आंबते. खोका उघडताच व्हिनेगरचा वास आला की समजावं. बाहेर पडणारं आम्लच पुढच्या ऱ्हासाला चालना देतं, म्हणून एक खराब रोल शेजारच्या चांगल्या रोलांनाही ओढतो. नाकावर विसंबण्यापेक्षा आम्ल ओळखणाऱ्या एडी पट्ट्या बऱ्या. बंद पिशवीत फिल्मसोबत एक दिवस ठेवल्यावर निळी पट्टी हिरवी आणि मग पिवळी होते. ज्यांची पट्टी पिवळीकडे झुकली त्या फिल्म आधी स्कॅन करायच्या, कारण ॲसिटेटचा पाया आक्रसतो, जिलेटिन तेवढं आक्रसत नाही, आणि चित्रावर नाल्यांसारख्या सुरकुत्या पडतात.

पाकिटांच्या बाबतीत ‘आम्लमुक्त’ हा शिक्का मला पुरेसा वाटत नाही. फोटोग्राफिक ॲक्टिव्हिटी टेस्ट (कागदाचा फोटोवर अपाय होतो का हे पाहणारी चाचणी) उत्तीर्ण झालेला कागदच मागते. पीव्हीसी अजिबात नको. जुन्या पाकिटांची मधली डिंकाची शिवण निगेटिव्हवर उभा डाग पाडते. म्हणून काचेसाठी शिवण नसलेली, चारही बाजूंनी मिटणारी कागदी घडी घेते. अख्ख्या प्लेट लांब कडेवर उभ्या ठेवते. फुटलेल्या मात्र आडव्या, तुकडे एकमेकांना न लागतील असे पुठ्ठ्याच्या खाचेत, आणि चिकटपट्टी कधीच नाही. निळ्या सायनोटाइपना (लोहक्षारांपासून केलेल्या निळ्या प्रिंट) अल्कली भरलेला कागद चालत नाही, साधा आम्लमुक्त लागतो. आर्द्रता ३० ते ५० टक्के आणि मुख्य म्हणजे स्थिर. थंड साठ्यातून बाहेर काढलेली वस्तू बंद पिशवीतच खोलीच्या तापमानाला येऊ द्यावी, नाहीतर तिच्यावर दव धरतं.

स्कॅनिंग तुलनेने सोपं. प्रिंट ६०० डीपीआयला, पुढून आणि मागून दोन्हीकडून, कडांसकट, शेजारी रंगपट्टी ठेवून. निगेटिव्ह १६ बिट टिफमध्ये. फ्रेमच्या काचेला चिकटलेली प्रिंट सोडवत बसू नये, काचेसकटच तिचा फोटो घ्यावा. फाईलचं नाव म्हणजे दाखल क्रमांक (संग्रहात नोंदताना वस्तूला मिळतो तो), वर्णन यादीत.

अभिलेखागाराशी बोलताना तीन गोष्टी लेखी घेते. मूळ वस्तूंची मालकी कोणाकडे जाते, प्रताधिकार कोणाचा (वस्तू दिली म्हणून तो आपोआप जात नाही), आणि त्यांना नको असलेल्या वस्तू ते परत करणार की काढून टाकणार. सह्या केलेल्या यादीच्या दोन प्रती करायच्या. सोबत प्रत्येक फाईलचा एसएचए-२५६ चेकसम (फाईलवरून काढलेला, तिच्यात काही बदललं की बदलणारा आकडा) द्यायचा. तिकडे फाईल उतरवल्यावर तोच चेकसम जुळला की नाही हे विचारायचं, आणि उत्तर येईपर्यंत आपल्याकडच्या प्रती पुसायच्या नाहीत.